नाशिकहून सुट्टीला बिझनेस क्लासने: तिकीट काढण्यापासून विमानात झोपेपर्यंत

लग्नाचा पंचविसावा वाढदिवस, आई-बाबांची षष्ट्यब्दी, निवृत्तीनंतरचा पहिला युरोप दौरा. आपल्याकडच्या बऱ्याच घरांत बिझनेस क्लासचा विषय पहिल्यांदा निघतो तो अशा निमित्ताने. कंपनीच्या पैशाने फिरणाऱ्याला एखादी सीट वाईट मिळाली तर पुढच्या महिन्यात चांगली मिळते. सुट्टीला जाणाऱ्याचे पैसे मात्र साठवलेले असतात आणि ते एकदाच खर्च होतात. म्हणून हा लेख स्वतःच्या खिशातून तिकीट काढणाऱ्यांसाठी आहे.

माझं मत सुरुवातीलाच सांगून टाकतो. पैसे मोजायचे ते रात्री पाय पसरून झोपायला मिळणाऱ्या तासांसाठी. लाउंज, शॅम्पेन, गरम टॉवेल हे सगळं छान असतं, पण त्यासाठी इकॉनॉमीच्या तिप्पट-चौपट भाडं देण्यात अर्थ नाही. ही एक कसोटी हातात धरली की पुढचे बहुतेक निर्णय सोपे होतात.

आधी तास मोजा

मुंबईहून दुबई साधारण तीन तास, मालदीवही जवळपास तेवढंच. बँकॉक चार-साडेचार, सिंगापूर साडेपाच, लंडन साडेनऊ-दहा. उड्डाणाचा आणि उतरण्याचा वेळ वजा करा, जेवणाचा तासभर वजा करा, म्हणजे खरी झोप किती ते कळेल. दुबईच्या प्रवासात ती दीड तासही भरत नाही. दिवसाच्या मालदीवच्या विमानात तर झोपायचं कारणच नसतं, खिडकीतून समुद्र बघायचा असतो. अशा ठिकाणी जाताना तो पैसा हॉटेलच्या चांगल्या खोलीवर खर्च करा, असं मी प्रत्येकाला सांगतो.

उलट मध्यरात्रीनंतर मुंबई सोडून सकाळी युरोपात उतरणारं थेट विमान हा बिझनेस क्लासचा खरा उपयोग. सकाळी सातला उतरल्यावर हॉटेलची खोली बहुतेक वेळा दुपारी दोन-तीनला मिळते. रात्र बसून काढलेली साठीतली माणसं तोपर्यंत लॉबीतल्या सोफ्यावर डुलक्या घेतात आणि पहिला दिवस वाया जातो. विमानात पाच-सहा तास आडवं पडून झोपलेला माणूस सामान ठेवून सरळ फिरायला निघतो.

आखाती कंपन्यांच्या मार्गे गेलात तर रात्रीचे दोन तुकडे होतात: पहाटेचे तीन तास दुबई किंवा दोह्यापर्यंत, मग विमान बदलायचं, मग पुढचे सहा-सात तास. पहिल्या तुकड्यात झोप लागेपर्यंत उठायची वेळ होते. भाडं स्वस्त असेल तर जरूर घ्या, पण थेट विमानाशी तुलना करताना ही मोडलेली रात्रही हिशेबात धरा.

आणखी एक पर्याय फार कमी लोक वापरतात: जाताना बिझनेस, येताना इकॉनॉमी. बऱ्याच कंपन्यांच्या साइटवर दोन्ही बाजूंना वेगळा वर्ग निवडता येतो. परतीचा प्रवास दिवसाचा असेल तर हा मार्ग उत्तम. लंडनहून परतताना तर याचं वेगळं कारणही आहे. ब्रिटनमधून निघणाऱ्या प्रवाशांवर तिथलं सरकार जो विमानप्रवास कर लावतं, तो वरच्या वर्गांसाठी इकॉनॉमीच्या दुपटीहून जास्त आहे.

मग विमान कोणतं ते पाहा

फसगत सगळ्यात जास्त इथे होते. एकाच कंपनीच्या, एकाच नावाच्या वर्गात तीन-चार प्रकारच्या सीट असतात.

लहान, एका मार्गिकेच्या (सीटांमधून चालायची वाट एकच असलेल्या) विमानात, म्हणजे ए३२० किंवा ७३७ मध्ये, बहुतेक वेळा रुंद रिक्लायनर असतो. दोन्ही बाजूंना दोन-दोन सीट, पाठ मागे झुकते, पायांना आधार मिळतो, पण पलंग होत नाही. इंडिगोने नोव्हेंबर २०२४ मध्ये दिल्ली-मुंबई मार्गावर सुरू केलेला 'स्ट्रेच' हा याच जातीचा. दोन तासांच्या प्रवासाला ऐसपैस, पण नावावरून पाय सरळ पसरता येतील असं समजू नका.

मोठ्या, दोन मार्गिकांच्या विमानात, म्हणजे ७७७, ७८७, ए३३०, ए३५० मध्ये सीट सहसा पूर्ण सपाट होते. पण मांडणी पाहावी लागते. १-२-१ (एका खिडकीशी एक, मध्ये दोन, दुसऱ्या खिडकीशी एक) म्हणजे प्रत्येकाला थेट मार्गिकेत उतरता येतं. २-२-२ म्हणजे खिडकीतल्याला शेजाऱ्याच्या पायांवरून जावं लागतं. २-३-२ म्हणजे बिझनेस क्लासमध्येही मधली सीट! एमिरेट्सच्या जुन्या मांडणीच्या ७७७ मध्ये ती आहे. नूतनीकरण झालेल्यांत १-२-१ आहे. एअर इंडियाच्या जुन्या ७८७-८ मध्ये १८ सीट २-२-२ अशा होत्या, तर ए३५०-९०० मध्ये २८ सीट १-२-१ आणि प्रत्येकीला सरकतं दार. कतार एअरवेजने २०१७ मध्ये आणलेल्या 'क्यूस्वीट' या बिझनेस सीटलाही दार आहे, पण त्यांच्या प्रत्येक विमानात क्यूस्वीट नसतो.

हे तपासायचं असं. तिकीट शोधताना उड्डाणाच्या तपशिलात विमानाचा प्रकार लिहिलेला असतो, तो टिपून घ्या. मग 'एरोलोपा' या साइटवर त्या कंपनीच्या त्या विमानाचा आराखडा पाहा. एकाच प्रकारच्या विमानाच्या दोन मांडण्या असतील तर बुकिंगच्या सीट नकाशाशी ताडून पाहा. जोडप्याने जायचं असेल तर १-२-१ मधल्या मधल्या दोन सीट घ्या. एकटं माणूस खिडकीत सुखी. काही आराखड्यांत मधल्या दोन सीट एकमेकींपासून लांब, मार्गिकेकडे सरकवलेल्या असतात, तिथे बोलायचं तर अर्धं वाकावं लागतं. स्वयंपाकघर आणि स्वच्छतागृहाला लागून असलेली रांग टाळा. पाळणा लावायच्या जागा सहसा भिंतीसमोरच्या पहिल्या रांगेत असतात; झोप सावध असेल तर तीही सोडा.

युरोपात पोचल्यावर पुढे फ्रँकफर्टहून रोम किंवा लंडनहून पॅरिस असं छोटं विमान असेल तर तिथला 'बिझनेस' बघून खट्टू होऊ नका. लुफ्तान्सा, ब्रिटिश एअरवेज, एअर फ्रान्स अशा कंपन्या युरोपातल्या छोट्या मार्गांवर इकॉनॉमीचीच तीन सीटची रांग वापरतात आणि मधली रिकामी ठेवतात. जेवण आणि लाउंज मिळतं, सीट तीच. लांबच्या तिकिटात हा तुकडा धरलेलाच असतो. वेगळे पैसे देऊन मात्र तो घेऊ नये.

भाड्यातल्या अटी

सगळ्यात स्वस्त बिझनेस भाडं दिसलं की तिथेच थांबून 'काय मिळेल' ही यादी उघडा. काही कंपन्यांनी, विशेषतः आखाती, सर्वांत खालच्या बिझनेस भाड्यातून लाउंज आणि फुकट सीट निवड काढून टाकली आहे. पहाटे चारच्या विमानासाठी रात्री अकरापासून मुंबई विमानतळावर बसायचं असेल तर लाउंज नसणं महागात पडतं. वरचं भाडं थोड्याच फरकाने मिळत असेल तर ते घ्या.

व्हिसा हातात नसेल तर परत न मिळणारं तिकीट काढू नका. शेंगेन (युरोपातल्या बहुतेक देशांच्या सामाईक) व्हिसाच्या अर्जाला बहुधा पूर्ण पैसे भरलेलं तिकीट लागत नाही, आरक्षण पुरतं. एजंट घाई करत असला तरी तारीख बदलण्याचा आणि रद्द करण्याचा दर लेखी मागून घ्या.

कराचंही लक्षात ठेवा. २२ सप्टेंबर २०२५ पासून इकॉनॉमी सोडून बाकी वर्गांच्या तिकिटावर जीएसटी १२ वरून १८ टक्के झाला. इकॉनॉमीवर तो ५ टक्केच आहे. दोन भाड्यांची तुलना करताना करासकट आकडा पाहा.

ग्रुप टूरने जाणाऱ्यांनी पैसे भरण्याआधी टूर कंपनीला विचारावं की आमच्या दोघांचं तिकीट बिझनेसमध्ये वेगळं काढून मिळेल का. ग्रुप भाड्याचं तिकीट नंतर वरच्या वर्गात नेता येत नाही, असंच बहुतेक ठिकाणी असतं. स्वतंत्र तिकीट असेल तर प्रवासाच्या काही दिवस आधी 'बोली लावा' असा मेल येऊ शकतो. तुम्ही रक्कम सांगायची, सीट उरल्या तर कंपनी स्वीकारते. बोलीची किमान रक्कम प्रत्येक टप्प्यासाठी आणि प्रत्येक माणसासाठी असते, हे विसरून लोक आनंदतात आणि मग बिल बघतात. दिवाळी आणि नाताळात बोलीवर विसंबू नका, त्या दिवसांत पुढची केबिन पैसे देणाऱ्यांनीच भरते. मे महिन्यातही तेच.

ओझर की मुंबई

नाशिकच्या ओझर विमानतळावरून इंडिगोची देशांतर्गत विमानं आहेत, पण त्यांत बिझनेस क्लास नाही. म्हणजे दोन मार्ग उरतात: गाडीने मुंबई, किंवा ओझरहून दिल्लीला जाऊन तिथून पुढे.

दुसरा मार्ग कागदावर सुरेख दिसतो: पाऊण तासात विमानतळ, घाट नाही, भिवंडी नाही. पण दोन्ही तिकिटं वेगवेगळी काढलीत तर धोका सगळा तुमचा. पहिलं विमान उशिरा पोचलं आणि पुढचं चुकलं तर पुढची कंपनी काही देणं लागत नाही. शिवाय सामानाचा घोळ. आंतरराष्ट्रीय बिझनेस तिकिटावर ३२ किलोपर्यंतच्या दोन बॅगा चालत असतील, पण ओझर-दिल्लीच्या साध्या इकॉनॉमी तिकिटावर १५ किलो. उरलेल्या वजनाचे पैसे ओझरच्या काउंटरवर भरावे लागतील. एकाच पीएनआरवर संपूर्ण प्रवास मिळत असेल, म्हणजे दोन कंपन्यांचा तसा करार असेल, तरच हा मार्ग निर्धास्तपणे घ्यावा. नाहीतर दिल्लीत एक रात्र मुक्काम ठेवावा.

मला विचाराल तर मुंबईच बरी. जून २०२५ मध्ये समृद्धीचा इगतपुरी-आमणे हा शेवटचा टप्पा खुला झाल्यापासून कसारा घाटाची धास्ती संपली आहे. बोगद्यातून घाट पार होतो. अडचण आमण्याच्या पुढे, भिवंडी-ठाण्याच्या पट्ट्यात. संध्याकाळी तिथे तास कसा जातो कळत नाही. २०२७ मध्ये सिंहस्थाच्या पर्वकाळात प्रवास करणार असाल तर शहरातून बाहेर पडायलाच किती वेळ लागेल याचा अंदाज आधी घ्या.

तिकिटावरचं विमानतळाचं नावही नीट वाचा. नवी मुंबईचा विमानतळ डिसेंबर २०२५ मध्ये सुरू झाला. ड्रायव्हरला नुसतं 'मुंबई एअरपोर्ट' सांगितलंत तर तो सवयीने अंधेरीकडे वळेल.

तारखेचा गोंधळ तर दरवर्षी कुणाच्या तरी घरी होतो. तिकिटावर २६ तारीख, रात्री २:३० असं असेल तर नाशिक सोडायचं २५ तारखेच्या संध्याकाळी. मी असं विमान असलेल्यांना सहाच्या आत पाथर्डी फाटा ओलांडायला सांगतो. अकराच्या सुमारास टर्मिनलला पोचलात की काउंटर उघडण्याच्या वेळेला अगदी बरोबर.

फराळ आणि जेवण

दिवाळीत मुलाकडे किंवा लेकीकडे निघालेल्या बॅगेत डबे असतातच. एक गोष्ट कळकळीने सांगतो: दुबई, दोहा किंवा सिंगापूरमार्गे जात असाल तर अनारसे घरी ठेवा. त्यावरची खसखस संयुक्त अरब अमिराती, कतार, सौदी आणि सिंगापूरमध्ये बंदी असलेला पदार्थ आहे, आणि तिथे ती थोडीशी जरी सापडली तरी प्रकरण गंभीर होतं. गरम मसाला, काळा मसाला घरी कुटलेला असेल तर त्यातही खसखस असते. चकली, शंकरपाळे, चिवडा, बेदाणे सीलबंद न्या. ताजी द्राक्षं ऑस्ट्रेलियासारख्या देशात विमानतळावरच टाकून द्यावी लागतात, म्हणून नेऊ नका. नाशिकची वाइन भेट द्यायची तर चेक-इन बॅगेत, कपड्यांत गुंडाळून, आणि पोचायच्या देशाची मर्यादा पाहून. हँडबॅगेत १०० मिलीच्या वर द्रव चालत नाही.

विमानातलं जेवण आधी सांगून ठेवावं. बहुतेक कंपन्यांना किमान २४ तास आधी कळवावं लागतं. भारतीय शाकाहारी जेवणाचा कोड एव्हीएमएल, जैन जेवणाचा व्हीजेएमएल. नुसतं 'व्हेज' निवडलंत तर कधी उकडलेल्या भाज्या समोर येतात. मधुमेह असणाऱ्यांसाठीही वेगळा पर्याय असतो. एक तोटा मात्र आहे: खास जेवण सांगितलं की मेन्यूतून निवडायची संधी बहुतेक वेळा जाते. मुंबईहून निघणाऱ्या विमानात मेन्यूतच चांगला शाकाहारी पदार्थ असतो, त्यामुळे जाताना निवड मोकळी ठेवा आणि येताना कोड टाका.

विमानतळावर

काउंटरवर बिझनेसची रांग वेगळी असते. बॅगांना 'प्रायॉरिटी' पट्टी लागली का ते स्वतः पाहा, म्हणजे उतरल्यावर त्या आधी येतात. बिझनेसच्या हँडबॅगेची मर्यादा भारतीय कंपन्यांत सहसा १० किलो आहे, इकॉनॉमीची ७. लाउंजचं निमंत्रण काउंटरवरच मिळतं किंवा बोर्डिंग पासवर छापलेलं असतं. ते कुठे आहे, कितव्या मजल्यावर, हे तिथेच विचारून घ्या. पासपोर्ट तपासणीची रांग चुकवायची असेल तर केंद्र सरकारच्या 'ट्रस्टेड ट्रॅव्हलर' योजनेत ऑनलाइन अर्ज करा आणि बोटांचे ठसे, फोटो ठरलेल्या केंद्रावर जाऊन द्या. जानेवारी २०२५ पासून मुंबईतही त्याचे ई-गेट आहेत आणि ते कुठल्याही वर्गाच्या प्रवाशाला वापरता येतात.

थेट रात्रीचं विमान असेल तर जेवण लाउंजमध्येच उरकून घ्या. पोट भरलेलं असेल तर विमानात बसल्याबरोबर झोपता येतं आणि तिथला मोलाचा तास वाचतो. माझ्या मते ही सगळ्यात उपयोगी युक्ती आहे आणि तिला एक पैसाही लागत नाही.

आई-बाबांना व्हीलचेअर लागणार असेल तर ती तिकीट काढतानाच मागा. त्यासाठी बिझनेसची गरज नाही, इकॉनॉमीतही मिळते. काहीजण फक्त तेवढ्यासाठी वरचं तिकीट काढतात, म्हणून सांगितलं.

सीटवर बसल्यावर

संकोच करू नका. सीटची बटणं दिसली नाहीत, टेबल सीटच्या हातामध्ये दडलेलं असलं, तर एअर होस्टेसला विचारा. त्यांना याची सवय असते. निघण्याआधी कोट, मोठी बॅग ठेवायला त्या मदत करतात. पेय, टॉवेल, मेन्यू येईल. त्याच वेळी सांगा: "मला जेवण नको, झोपायचं आहे, नाश्त्याला उठवा" किंवा "अजिबात उठवू नका." काही कंपन्या गादीचा पातळ थर अंथरून देतात, मागावा लागला तर मागा. ब्लँकेट घेतल्यावर सीटबेल्ट त्याच्या वरून लावा. खाली असला तर हलणाऱ्या हवेत तो तपासायला तुम्हाला उठवावं लागतं.

केबिनमधली हवा फार कोरडी असते आणि दाब सहा ते आठ हजार फूट उंचीसारखा. म्हणून पाणी वारंवार प्या. दारू फुकट असते हे खरं, पण तिथे ती लवकर चढते आणि झोप तुटक होते. रक्तदाबाच्या गोळ्या हँडबॅगेतच, चेक-इनमध्ये नाही. पॉवर बँकही हँडबॅगेत. चेक-इन बॅगेत ती चालत नाही. एमिरेट्सने १ ऑक्टोबर २०२५ पासून विमानात ती वापरायलाही मनाई केली आहे. बिझनेसच्या सीटला प्लग असतोच, तेव्हा चार्जर घ्या.

ठरल्याप्रमाणे मिळालं नाही तर

विमान ऐनवेळी बदललं आणि तुम्हाला इकॉनॉमीत बसवलं, तर नुसती माफी ऐकून गप्प बसू नका. फेब्रुवारी २०२३ पासून लागू असलेल्या डीजीसीए या केंद्राच्या विमान वाहतूक नियामकाच्या नियमाप्रमाणे, प्रवाशाच्या मर्जीविरुद्ध वर्ग खाली आणला तर देशांतर्गत प्रवासात करांसह तिकिटाच्या ७५ टक्के रक्कम परत मिळते. आंतरराष्ट्रीय प्रवासात १५०० किलोमीटरपर्यंत ३० टक्के, १५०० ते ३५०० पर्यंत ५० टक्के आणि त्यापुढे ७५ टक्के. मुंबई-दुबई किंवा मुंबई-बँकॉक मधल्या गटात येतं; सिंगापूर आणि लंडन शेवटच्या. त्यासाठी मूळ बिझनेसची पावती आणि बदललेला बोर्डिंग पास दोन्ही सांभाळा आणि काउंटरवरच लेखी कारण मागा.

सीट सपाट होत नसेल, स्क्रीन बंद असेल, तर विमान हवेत असतानाच केबिन प्रमुखाला सांगून नोंद करायला लावा आणि फोटो काढा. दुसरी सीट रिकामी असेल तर तिथेच बदलून मिळते. उतरल्यावर कंपनीला मेल करा, पीएनआर आणि सीट क्रमांकासकट. उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही तर नागरी उड्डाण मंत्रालयाच्या 'एअरसेवा' पोर्टलवर तीच कागदपत्रं जोडून तक्रार नोंदवता येते.